गृहकर्जाचा हप्ता चुकला तर: दंड, ‘सवलतीचे दिवस’ आणि तारखांचा हिशोब

पाच तारखेचा हप्ता आठ तारखेला भरला तर काय होतं? शाखेत विचारलं तर बहुतेक वेळा “काही नाही होत, भरून टाका” असंच सांगतात. पुढच्या महिन्यात उतारे उघडले की मात्र कर्जखातं आणि बचत खातं मिळून तीन कपाती दिसतात. त्यातली सर्वांत लहान कपात दंडाची असते, हे पाहून नवख्या कर्जदाराचा गोंधळ आणखी वाढतो. हे सगळं कसं मोजलं जातं, काय टाळता येतं आणि कुठे खरोखर घाई करावी लागते, ते क्रमानं पाहू.

आधी एक गैरसमज काढून टाका

आपल्याकडच्या गृहकर्जाला कायद्यानं दिलेला ग्रेस पिरियड, म्हणजे सवलतीचे दिवस, नाहीत. रिझर्व्ह बँकेनं १२ नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकात हे उदाहरण देऊन सांगितलं आहे: ३१ मार्चला देय असलेली पूर्ण रक्कम बँकेनं त्या दिवशीची दिवसअखेरची प्रक्रिया चालवण्याआधी जमा झाली नाही, तर खातं ३१ मार्चपासूनच थकीत धरायचं. म्हणजे उशिराचा पहिला दिवस हप्त्याच्या तारखेलाच सुरू होतो.

मग ‘पंधरा दिवस चालतं’ हे कुठून आलं? तीन ठिकाणांहून. आयुर्विम्याचा हप्ता मासिक असेल तर १५ दिवस आणि इतर प्रकारांत साधारण ३० दिवस सवलतीचे मिळतात. ते घरोघरी माहीत असतं. क्रेडिट कार्डाला देय तारखेनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय उशिराचं शुल्क लावता येत नाही आणि थकबाकीही कळवता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तोही लोक गृहकर्जाला लावून मोकळे होतात. तिसरा स्रोत म्हणजे अमेरिकेतला भाऊ किंवा मेहुणा. तिथल्या घराच्या कर्जाचा हप्ता सहसा एक तारखेला देय असतो, पंधरा-सोळा तारखेपर्यंत भरला तर उशिराचं शुल्क लागत नाही, आणि ३० दिवस उलटेपर्यंत क्रेडिट संस्थांकडे उशिराची नोंदही साधारणपणे जात नाही. तो खरंच सांगत असतो, फक्त ते ठाण्यातल्या किंवा नाशिकमधल्या फ्लॅटच्या कर्जाला लागू नसतं.

काही बँका आणि गृहवित्त कंपन्या करारात ‘तीन दिवसांपर्यंत दंड आकारणार नाही’ असं लिहून देतात. लिहिलं असेल तर त्यावर हक्क आहे. तोंडी सांगितलं असेल तर ती सांगणाऱ्याची माया समजा. आणि लेखी सूट असली तरी ती दंडापुरतीच असते; देय तारीख त्यानं पुढे सरकत नाही.

पायरी १: सही करण्याआधी चार ओळी शोधा

१ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांना ‘केएफएस’ म्हणजे मुख्य माहितीचं विवरणपत्र देणं बँकांना बंधनकारक आहे. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवं, त्यामुळे मराठीत मागायला अजिबात संकोच करू नका. ते वाचून ठरवण्यासाठी किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात. त्यात ‘आकस्मिक शुल्क’ अशा अर्थाचा एक भाग असतो. उशिरा भरण्याचा दंड तिथे लिहिलेला असतो. मंजुरीपत्र, करारनामा आणि ‘एमआयटीसी’ नावाचा महत्त्वाच्या अटींचा गोषवारा यांतही तेच आकडे यायला हवेत. नसतील तर सही थांबवा.

शोधायच्या चार गोष्टी अशा: दंडाचा दर, तो कसा मोजणार, बाउन्सचं (खात्यातून हप्ता न कापला जाता कपात परत गेल्याचं) शुल्क, आणि आलेली रक्कम आधी कशाकडे वळती होणार.

पहिल्या दोन गोष्टी एकत्र वाचाव्या लागतात. दर वार्षिक २ टक्क्यांपासून २४ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो. ‘दरमहा २ टक्के’ दिसायला किरकोळ, पण वर्षाला ते २४ होतात. त्यापेक्षाही महत्त्वाचं, रोजच्या हिशोबानं मोजणार की ‘महिना किंवा त्याचा कोणताही भाग’ असं लिहिलं आहे? दुसऱ्या प्रकारात एक दिवसाचा उशीर म्हणजे पूर्ण महिन्याचा दंड.

चौथी गोष्ट बहुतेक जण वाचतच नाहीत. आलेला पैसा आधी शुल्क आणि दंडाकडे, मग व्याजाकडे, शेवटी मुद्दलाकडे असा क्रम करारात असेल, तर बाउन्सनंतर नेमका हप्त्याएवढाच पैसा भरणारा फसतो. हप्ता २६,०३५ रुपये असेल तर त्यातले सातशे-आठशे आधी शुल्कात जातात, हप्त्यात तेवढीच तूट राहते आणि खातं थकीतच राहतं. बिचाऱ्याला वाटतं, भरलं की सगळं.

दंडाबद्दल रिझर्व्ह बँकेचा नियम

१८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानं जुनी ‘दंडव्याजा’ची पद्धत बंद केली. नव्या कर्जांना ते १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं आणि जुनी कर्जं ३० जून २०२४ पर्यंत त्याखाली आणायची होती. त्यातलं कर्जदाराच्या कामाचं एवढं: दंड हा वेगळं शुल्क म्हणूनच लावायचा, व्याजदरात मिसळायचा नाही, दंडावर पुन्हा व्याज चढवायचं नाही, घरासाठी कर्ज घेतलेल्या व्यक्तीला त्याच चुकीसाठी कंपन्यांपेक्षा जास्त दंड लावायचा नाही, आणि दंड लावला की का लावला ते कळवायचं. थकबाकीची आठवण पाठवतानाही लागणारा दंड सांगायचा.

एक बारकावा लक्षात ठेवा. दंडावर व्याज नाही, पण थकलेल्या हप्त्यावर नेहमीचं व्याज चालूच राहतं. ‘व्याजावर व्याज लावलं’ अशी तक्रार घेऊन जाणाऱ्यांपैकी अनेकांचा हिशोब इथेच चुकलेला असतो.

या दंडावर जीएसटी नाही, हे २८ जानेवारी २०२५ च्या केंद्राच्या परिपत्रकानं स्पष्ट केलं. बाउन्सच्या शुल्कापुढे मात्र दरपत्रकांत ‘अधिक जीएसटी’ सर्रास लिहिलेलं असतं.

हे नियम बँका, सहकारी बँका, वित्त कंपन्या आणि गृहवित्त कंपन्यांना लागू आहेत. पतसंस्थेचं कर्ज वेगळं. पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली चालतात, रिझर्व्ह बँकेचं हे परिपत्रक त्यांना लागत नाही, आणि वसुलीसाठी त्यांच्याकडे कलम १०१ चा दाखला असतो. घराच्या दुरुस्तीसाठी पतसंस्थेतून उचललेल्या दोन-तीन लाखांना हाच लेख लावू नका. तिथे पोटनियम आणि कर्जरोखा वाचा.

पायरी २: तारीख आणि मँडेट नीट बसवा

हप्ते चुकण्यामागे पैसे नसणं हे एक कारण झालं. पैसे असूनही चुकणारे हप्ते कमी नसतात, आणि ते पूर्णपणे टाळता येतात.

हप्ता बँक खात्यातून आपोआप कापला जाण्यासाठी ‘नॅच’ मँडेट, म्हणजे कपातीची परवानगी, दिलेलं असतं. कपातीची फाइल सकाळी लवकर चालते. पगार पाच तारखेला दुपारी जमा होणार आणि हप्ताही पाचलाच, असं असेल तर बाउन्स ठरलेलाच. पगार आणि हप्ता यांत किमान तीन-चार दिवस ठेवा. पगार एक तारखेला येत असेल तर पाच, सातला येत असेल तर दहा. तारखेचे पर्याय कर्ज देतानाच विचारतात, तेव्हाच मागा. नंतर बदलायची तर अर्ज, नवं मँडेट आणि मधल्या दिवसांचं जादा व्याज असा खटाटोप होतो.

हप्त्याची रक्कम आदल्या दिवशी संध्याकाळीच खात्यात हवी. ‘उद्या रविवार आहे, सोमवारी कापतील’ हा जुना हिशोब आहे. १ ऑगस्ट २०२१ पासून नॅच सुट्टीच्या दिवशीही चालतं.

आता मँडेटचा कागदच हातात घ्या. त्यावर कमाल रक्कम आणि शेवटची तारीख असते. तरत्या व्याजदराचं कर्ज असेल आणि दर वाढल्यावर हप्ता वाढवला गेला, तर नवा हप्ता त्या कमाल रकमेच्या वर जाऊ शकतो. मुदत वाढवली तर कर्ज मँडेटच्या शेवटच्या तारखेपलीकडे जातं. दोन्ही वेळा खात्यात लाखभर रुपये असूनही कपात होत नाही. म्हणून दरबदलाचं पत्र किंवा एसएमएस आला की नवा हप्ता आणि नवी मुदत मँडेटशी ताडून पाहायची.

नोकरी बदलणाऱ्यांनी आणखी जपावं. जुन्या कंपनीचं पगार खातं काही महिन्यांनी साधं बचत खातं होतं, किमान शिल्लक लागू होते, तिचं शुल्क कापलं जातं, आणि हप्त्यासाठी मोजून ठेवलेल्या पैशांत दोन-तीनशे कमी पडतात. नॅच अर्धी रक्कम घेत नाही. एक रुपया कमी असला तरी पूर्ण हप्ता परत. म्हणून एका हप्त्याएवढी रक्कम त्या खात्यात कायम पडून राहू द्या. त्यावरचं बचत खात्याचं व्याज कमी मिळतं, मान्य, पण एका बाउन्सची किंमत वर्षभराच्या त्या फरकाच्या जवळपास जाते.

पायरी ३: एका बाउन्सची किंमत, आकड्यांत

३० लाखांचं कर्ज, ८.५ टक्के व्याज, २० वर्षं. हप्ता २६,०३५ रुपये. पहिल्या हप्त्यात २१,२५० रुपये व्याज आणि जेमतेम ४,७८५ रुपये मुद्दल. हा हप्ता दहा दिवस उशिरा भरला, आणि दंड वार्षिक १८ टक्के, रोजच्या हिशोबानं, थकलेल्या रकमेवर, असं धरू.

दंड: २६,०३५ गुणिले १८ टक्के, गुणिले १०, भागिले ३६५, म्हणजे सुमारे १२८ रुपये. दर २४ टक्के असता तर १७१, २ टक्के असता तर १४.

थकलेल्या रकमेवर नेहमीचं व्याज: सुमारे ६१ रुपये.

कर्ज देणाऱ्या संस्थेचं बाउन्स शुल्क ५०० धरलं तर जीएसटीसह ५९०. ज्या बँकेत बचत खातं आहे तीही कपात परत पाठवल्याबद्दल वेगळं शुल्क घेते; तेही ५०० धरलं तर आणखी ५९०. शुल्काचे आकडे संस्थेगणिक बदलतात, पण प्रमाण साधारण असंच राहतं.

बेरीज १,३६९ रुपये, आणि त्यात ११८० बाउन्सचे. म्हणून पैसे नक्की कमी पडणार हे दोन-तीन दिवस आधी कळलं, तर खरा प्रयत्न बाउन्स टाळण्याचा करायचा. उसने घ्या, मुदत ठेवीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, पण त्या सकाळी खात्यात पूर्ण रक्कम असू द्या. नॅच तोंडावर आल्यावर ‘या महिन्यात कपात थांबवा’ म्हणून मँडेटच रद्द करणारे काही जण असतात. त्यानं प्रश्न सुटत नाही. कपात तर होत नाहीच, वर पुढच्या महिन्याचीही सोय मोडते.

महिन्यात दुसऱ्यांदा कपात लावली आणि तीही परत गेली, तर शुल्कही दुसऱ्यांदा लागू शकतं. दोन-तीन वेळा प्रयत्न करणाऱ्या संस्था आहेत. करारात किती वेळा ते पाहून ठेवा.

पायरी ४: बाउन्स झाला, आता पहिल्या दिवशी काय करायचं

आधी कारण पाहा. बचत खात्याच्या उताऱ्यावर किंवा एसएमएसमध्ये ते असतं: शिल्लक कमी, मँडेट नोंदलेलं नाही, रक्कम मर्यादेबाहेर, खातं निष्क्रिय. मँडेटचा दोष असेल तर खात्यात पैसे भरून काहीच होणार नाही.

मग संस्थेला विचारा, पुन्हा कपात लावणार आहात का, कोणत्या तारखेला. तुम्ही स्वतः भरलं आणि त्यांनी पुन्हा कपातही लावली, तर दोनदा पैसे जातात आणि परताव्यासाठी महिनाभर फोन करत बसावं लागतं.

स्वतः भरत असाल तर अ‍ॅपमधला पर्याय डोळे उघडे ठेवून निवडा. तिथे ‘थकबाकी भरा’ आणि ‘अंशतः परतफेड’ असे दोन पर्याय शेजारी शेजारी असतात. दुसरा दाबला तर पैसे सरळ मुद्दलात जातात, कर्ज २६,०३५ नं कमी होतं, आणि हप्ता मात्र थकलेलाच राहतो! ही चूक दुरुस्त करायला लेखी अर्ज लागतो आणि तोवर उशिराचे दिवस मोजले जातात.

हप्ता, बाउन्स शुल्क आणि त्या दिवसापर्यंतचा दंड मिळून किती होतात ते विचारून तेवढे पूर्ण भरा. दंडाबद्दल वाद असेल तरी आधी भरा, वाद नंतर घाला. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक जपून ठेवा. घरी आलेल्या वसुली माणसाला रोख देऊ नका. द्यावीच लागली तर संस्थेची छापील किंवा एसएमएसची पावती हातात आल्याशिवाय त्याला दारातून जाऊ देऊ नका. तिसऱ्या दिवशी कर्जखात्याचा उतारा काढून थकबाकी शून्य आहे का ते पाहा. एकवीस रुपये दिसले तरी भरून टाका.

एकच हप्ता चुकला, पण वर्षभर उशीर दिसतोय: असं का?

हा प्रकार सर्वांत जास्त लोकांना छळतो, म्हणून जरा सावकाश पाहू.

समजा जूनचा हप्ता ५ जूनला बाउन्स झाला. तुम्ही ठरवलं, जाऊ दे, शेवटी एक हप्ता वाढेल. ५ जुलैला नॅच नीट कापलं गेलं. तुमच्या दृष्टीनं जुलैचा हप्ता भरला. बँकेच्या दृष्टीनं आलेला पैसा आधी सर्वांत जुन्या थकबाकीला जातो, म्हणजे जूनला. जुलैचा हप्ता ५ जुलैपासून थकीत. ५ ऑगस्टचा पैसा जुलैला, आणि ऑगस्ट थकीत. असं रांगेनं पुढे. तुम्ही दर महिन्याला न चुकता भरताय आणि खातं कायम एक हप्ता मागे.

यात १८ टक्के दरानं वर्षाचा दंड सुमारे ४,६८६ रुपये, शिवाय थकलेल्या रकमेवर नेहमीचं व्याज. पण पैशांपेक्षा नोंद जास्त महाग पडते. १ जानेवारी २०२५ पासून बँका दर पंधरवड्याला, म्हणजे १५ तारखेला आणि महिनाअखेरीला असलेली स्थिती क्रेडिट माहिती संस्थांना कळवू लागल्या. ‘सिबिल’चं नाव तोंडात बसलेलं आहे, पण एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क यांच्याकडेही तीच माहिती जाते. त्या अहवालात प्रत्येक महिन्यासमोर ‘डीपीडी’, म्हणजे उशिराचे दिवस, असा रकाना असतो. वेळेवर असेल तर तिथे तीन शून्यं. तुमच्या बाबतीत जूनअखेर २५, जुलैअखेर २६, ऑगस्टअखेर २६, असे आकडे रांगेत बसतात. पुढे गाडीचं कर्ज मागायला गेलात की समोरच्याला एक चुकलेला हप्ता दिसत नाही, सवयीनं उशीर करणारा माणूस दिसतो.

सहकर्जदार म्हणून बायकोचं किंवा वडिलांचं नाव असेल तर त्यांच्याही अहवालात हीच रांग उमटते. त्यांना बहुधा पत्ताही नसतो.

उपाय एकच: एका महिन्यात दोन हप्ते आणि शुल्क भरून खातं बरोबरीला आणा. एकदम जमत नसेल तर दर महिन्याला हप्त्याशिवाय चार-पाच हजार जादा, ‘थकबाकी’ याच नावाखाली.

थकबाकीची नोंद पाठवताना कर्जदाराला एसएमएस किंवा ईमेल करणं बँकांना बंधनकारक आहे, म्हणून जुना मोबाइल क्रमांक बदलून घ्या. प्रत्येक संस्थेकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. चुकीची नोंद दिसली तर ऑनलाइन तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे.

३०, ६०, ९०

इथून पुढची वेळापत्रकं देशभर सारखीच आहेत. ५ जूनचा हप्ता भरलाच नाही, असं धरून तारखा मोजू.

५ जूनपासून खातं ‘एसएमए-०’, म्हणजे ताणाखालचं, पहिली पायरी. ३० दिवस पूर्ण झाले की ५ जुलैला ‘एसएमए-१’. ४ ऑगस्टला ‘एसएमए-२’. ३ सप्टेंबरला, ९० दिवस झाले की खातं अनुत्पादक, म्हणजे एनपीए. ‘तीन हप्ते थकले की’ असं लोक म्हणतात ते ढोबळमानानं ठीक, पण मोजणी सर्वांत जुन्या थकीत रकमेच्या दिवसांची होते.

एनपीएच्या अलीकडे आणि पलीकडे फार फरक आहे. ३ सप्टेंबरच्या आधी एक हप्ता भरला तर मोजणी मागे येते. नंतर एक-दोन हप्ते भरून खातं पूर्ववत होत नाही. व्याज आणि मुद्दलाची सगळी थकबाकी भरावी लागते. त्याच बँकेत तुमचं दुसरं कर्ज वेळेवर चालू असलं तरी तेही एनपीए धरलं जातं. म्हणून पैसे मर्यादित असतील आणि कुठे घालायचे असा प्रश्न असेल, तर ऐंशीव्या दिवसापर्यंत थांबू नका.

एनपीए झाल्यावर बँक २००२ च्या सरफेसी कायद्याच्या (गहाण घर कोर्टात न जाता ताब्यात घेऊ देणाऱ्या) कलम १३(२) खाली ६० दिवसांची नोटीस काढू शकते. या नोटिशीला लेखी हरकत घेता येते आणि तिला १५ दिवसांत कारणांसह उत्तर देणं बँकेवर बंधनकारक आहे. ताबा घेण्याचं पाऊल पडलं तर ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. महाराष्ट्रात ती मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचं औरंगाबाद) इथे आहेत. सहकारी बँकेचं कर्ज आहे म्हणून हा कायदा लागत नाही, असं अजूनही काही जण सांगतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ५ मे २०२० रोजी तो प्रश्न मिटवला: लागतो.

आणखी एक घड्याळ वेगळं चालतं. पुरेशी शिल्लक नसल्यानं नॅच परत गेलं तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ च्या कलम २५ खाली, चेक न वटल्यासारखाच, फौजदारी खटला होऊ शकतो. दोन वर्षांपर्यंत कैद, रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याआधी संस्थेला ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून तुम्हाला १५ दिवस असतात. ‘पंधरा दिवस’ खरोखर कायद्यात लिहिलेले आहेत ते इथे. अशी नोटीस आली तर पोस्टमनला परत पाठवू नका.

पायरी ५: पुढचे दोन-तीन हप्ते जमणार नाहीत हे दिसत असेल तर

नोकरी गेली, आजारपण आलं, तर पहिला हप्ता चुकण्याआधी बँकेला लेखी कळवा. खातं नियमित असताना अर्ज करणाऱ्याकडे पर्याय जास्त असतात: मुदत वाढवून हप्ता कमी करणं, तारीख बदलणं, काही महिने फक्त व्याज भरणं. अर्जाला कारणाचा पुरावा, सहा महिन्यांचा बचत खात्याचा उतारा आणि ‘या तारखेपासून एवढं भरू शकतो’ असा ठोस आकडा जोडा. आकडा नसलेले अर्ज टेबलावरच पडून राहतात. मंजुरी लेखी घ्या. आणि अशी फेररचना झाली की तिचीही नोंद क्रेडिट अहवालात येऊ शकते, हे सही करण्याआधी विचारा.

हप्ते स्थगित होणं आणि माफ होणं यांत गल्लत नको. २०२० मध्ये १ मार्च ते ३१ ऑगस्ट अशी स्थगिती मिळाली होती, तेव्हा मूळ व्याज चढतच होतं. वर दिलेल्या कर्जात सुरुवातीच्या काळात तीन महिने काहीच भरलं नाही तर सुमारे ६४ हजारांचं व्याज कर्जात मिसळतं.

वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचे नाहीत, असं रिझर्व्ह बँकेनं सांगितलेलं आहे. तसे आले तर वेळेसह नोंद ठेवा.

दंड चुकीचा लागला असेल तर

आधी संस्थेच्या तक्रार विभागाला ईमेल: कर्जखात्याचा क्रमांक, तारीख, लावलेली रक्कम, करारातलं कलम, आणि तुमचा हिशोब. ‘फार दंड लावला’ असं मोघम लिहू नका. ‘१२८ होतात, ५२१ लावले’ असं लिहा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर बँकांसाठी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, तक्रारींच्या सीएमएस पोर्टलवर. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक. गृहवित्त कंपनीचं कर्ज असेल तर तक्रार राष्ट्रीय आवास बँकेच्या ‘ग्रिड्स’ पोर्टलवर जाते. चुकीच्या दारात गेलेली तक्रार परत येते आणि महिना वाया जातो, म्हणून मंजुरीपत्रावर ‘बँक’ लिहिलं आहे की ‘हाउसिंग फायनान्स’ ते आधी पाहा. एकाच समूहाची दोन्ही असू शकतात.

बँकेच्या चुकीनं बाउन्स झाला असेल, जसं मँडेट त्यांनीच नोंदवलं नाही, तर दंड आणि शुल्क दोन्ही परत मागा. स्वतःच्या चुकीनं झाला असेल आणि पहिलीच वेळ असेल, तरी माफीचा विनंती अर्ज करून पाहायला हरकत नाही. शाखा व्यवस्थापकाला थोडेफार अधिकार असतात.

आणि हे सगळं कर्ज फेडताना पुन्हा समोर येतं. दहा वर्षांपूर्वीचं न भरलेलं बाउन्स शुल्क अखेरच्या हिशोबाच्या पत्रात एका ओळीत उभं राहतं. ते पत्र मागवताना त्या ओळीची तारीखवार फोड मागा, भरा किंवा भांडा, आणि थकबाकी शून्य असल्याचा दाखला घ्या. पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत घराची मूळ कागदपत्रं परत मिळायला हवीत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई तिनं तुम्हाला द्यायची असते.